स्टॉप आलाय बहुतेक

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो ऊसतोडीच्या सामानातून. दसरा झाला की आई-वडील पाथर्डीहून कारखान्यावर जायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. शाळा बुडू नये म्हणून मी आणि माझा मोठा भाऊ तेवढे महिने चुलतीकडे राहायचो. एका वर्षी परत येताना वडिलांनी कारखान्याजवळच्या आठवडी बाजारातून एक खोकं आणलं. आत राखाडी रंगाचं यंत्र, वायरीचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर नऊचे इतके आकडे एकापुढे एक छापले होते, की रोज एक गेम खेळला तरी जन्मात संपायचे नाहीत असं भावाला वाटलं. खरं तर तेच दहा-बारा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्या दहा-बारांतच आमचा सगळा उन्हाळा गेला.

भाऊ मोठा, म्हणून पहिला नंबर त्याचा. त्याचा डाव संपेपर्यंत मला नुसतं बघत बसावं लागायचं. एकच खोली, त्यामुळे चूलही तिथंच आणि टीव्हीही तिथंच. आई भाकरी थापायला बसली की टीव्ही तिच्या पाठीमागं यायचा. तिला वळून बघता यायचं नाही, पण आवाज ऐकू यायचे आणि भावाचं ओरडणंही.

"काय चाललंय गं?" ती विचारायची.

"हा आला, तिकडून तो आला, यानं त्याला उडवला," मी सांगायचे.

"हा कोन आन् तो कोन? मला पाठीला डोळे हायेत का? नीट सांग."

मग मी नीट सांगायला लागले. आपला रणगाडा खालच्या कोपऱ्यात हाय, वरून तिघं आलेत, मधी इटांची भिंत हाय, दादा भिंतीच्या आडून एकेकाला टिपतोय. आईचा हात परातीत थांबायचा. "मग?" म्हणायची. एकदा अशी थांबली की तव्यावरची भाकरी करपली, आणि बोलणी भावाला खावी लागली. कॉमेंट्री हा शब्द तेव्हा मला क्रिकेटपुरता माहीत होता. मी आईला गोष्ट सांगत होते, एवढंच.

ते यंत्र एका पावसाळ्यात ओल लागून बंद पडलं. भाऊ पुढे उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागला आणि त्याचे गेम सुटले. माझे सुटले नाहीत. कॉलेजात असताना नेट कॅफेत अर्धा तास मिळाला की मी गाड्यांच्या शर्यती खेळायचे. शेजारच्या खुर्चीतली मुलं आधी माझ्याकडे बघायची, मग माझ्या स्क्रीनकडे. लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं, मी आईकडे परत आले. पाथर्डीच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. त्या वाईट दिवसांत दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर खेळायचे. खेळताना कुणी विचारत नाही की तुम्ही परत का आलात. तिथं सगळे एवढंच विचारतात, की गोळ्या आहेत का जास्तीच्या.

हा खेळ म्हणजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. सापडेल ते हत्यार उचलतात. चौघाचौघांच्या टीम असतात, आणि खेळायची जागा हळूहळू आकसत जाते. शेवटी जी टीम जिवंत उरते ती जिंकते. आमच्या जिल्ह्यातल्या खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. राहात्याचे एक मोबाईल दुकानदार दर रविवारी दुपारी त्यात सामने भरवायचे आणि ते नेटवर सगळ्यांना बघता यायचे. कॉमेंट्री करायला नगरचा एक जण होता. एका रविवारी ऐन सामन्यात त्याचं नेट गेलं. दुकानदारांनी ग्रुपवर टाकलं, "कुणाकडे कॉम्प्युटर आणि नेट चालू आहे?" माझ्याकडे होतं. दुकानच तसलं होतं.

पहिली दहा मिनिटं मी हिंदीत बोलले, कारण सगळे तसंच बोलायचे. माझी हिंदी आमच्या स्टँडपलीकडे कधी गेलेली नाही. चॅटमध्ये लोक हसायला लागले. मग कुठून कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "डाव्या अंगाला टेकाड हाय, टेकाडामागं दोघं दबा धरून बसलेत, आन् आपले शेवगावकर सरळ तिकडंच चाललेत. न्हाई, थांबले. एकानं बघितलं." मग कुणीतरी लिहिलं, "ताई, असंच बोला." मी तसंच बोलले. पुढच्या रविवारी दुकानदारांनी पुन्हा मलाच बोलावलं.

वर्षभरात मला लोक ओळखायला लागले. शेतात ट्रॅक्टरवर असलेली माणसं, जीपचे ड्रायव्हर, कारखान्याच्या पट्ट्यातले ऊसतोडकरी नुसता आवाज ऐकायचे. त्यांना बघायला वेळ नसायचा. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एखाद्या खेळाडूला मी टोमणा मारला, की चॅट भरून वाहायचं. दुकानदार म्हणायचे, "ताई, लोकांना तुमचे चिमटे लई आवडतात. अजून मारा." मीही मारायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आजवर लोक माझ्याकडे बघून कुजबुजले होते. आता मी बोलायचे आणि लोक हसायचे.

राजूरची एक टीम होती. अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं गाव. त्यातल्या एका खेळाडूचं खेळातलं नाव म्हणजे तिकडच्या एका डोंगराचं नाव आणि पुढे चार आकडे. तो संथ खेळायचा, पण सहसा लवकर मरायचा नाही. त्या रविवारी त्याचे तिन्ही साथीदार गेले होते, तो एकटा उरला होता. जीप घेऊन उघड्या माळावरून निघाला आणि मध्येच थांबला. पुढे नाही, मागे नाही. समोर शत्रू, आणि हा गाडीत बसून राहिलेला.

मी म्हणाले, "राजूरकरांनी गाडी उभी केली. स्टॉप आलाय बहुतेक. उतरणारे पुढं या."

चॅट अक्षरशः फुटलं. त्याला गोळी लागली तेव्हा मी घंटी वाजवल्यासारखा आवाज काढला. तेवढा तुकडा कुणीतरी कापून सगळीकडे पाठवला. आठवडाभर माझ्या दुकानात येणारी पोरंही "ताई, स्टॉप आला का" म्हणून हसायची. आईनं तो तुकडा भावाच्या मोबाईलवर ऐकला. सगळा ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तो का थांबला व्हता, ते न्हाई सांगितलंस."

"मला काय म्हाईत?"

"मग हसलीस कशाला?"

मला राग आला. आईला गेममधलं काय कळतं, असंही मनात येऊन गेलं. दोन दिवसांनी मला एका मुलीचा फोन आला. ती राजूरच्या टीममधलीच होती, संगमनेरला कॉलेजला होती.

"ताई, ते माझे पप्पा आहेत," ती म्हणाली. "ते खरंच एसटीत कंडक्टर आहेत. डेपोत सगळे त्यांना घंटी वाजवून दाखवतात. पप्पांनी गेम काढून टाकला मोबाईलमधून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त सांगत होती.

"त्यांचं नेट गेलं होतं," ती पुढे म्हणाली. "आमच्याकडं पाऊस असला की जातं. स्क्रीन तिथंच अडकली होती."

त्या रविवारी मी सामना सुरू होण्याआधी माफी मागितली. कुणाची, कशाबद्दल, ते सगळं सांगितलं, फक्त ते काय काम करतात हे सांगितलं नाही. काही जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. काही जणांनी लिहिलं, "मजा गेली ताई." पण ज्या माणसाची मागायची तो ग्रुपमध्येच नव्हता. म्हणून मी राजूरला जायचं ठरवलं. मुलीला विचारलं, तिनं पप्पांच्या सुट्टीचा दिवस सांगितला आणि म्हणाली, "मीपण येते घरी त्या दिवशी."

पाथर्डी जिल्ह्याच्या एका टोकाला आणि राजूर दुसऱ्या. पहाटेची नगर गाडी, तिथून संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर. इतकी एसटी मी एका दिवसात कधी केली नव्हती. प्रत्येक गाडीत माझं लक्ष कंडक्टरकडेच जायचं. एका स्टॉपवर एक आजोबा काठी, पिशवी आणि डबा घेऊन चढत होते. त्यांना एकेक पायरी जड जात होती. कंडक्टर दारात उभा होता, घंटीच्या दोरीला हात लावून, आणि आजोबा बसेपर्यंत त्यानं दोरी ओढली नाही. गाडीतलं कुणी हसलं नाही. मी खिडकीबाहेर बघू लागले.

अकोल्याच्या पुढे सगळं हिरवं होत गेलं. भाताची खाचरं, डोंगरावर ढग. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, आमच्या कोरड्या भागातल्या माणसाला ते बघून जरा असूयाच वाटते. मुलगी स्टँडवर घ्यायला आली होती. घरी गेलो तर तिचे वडील ओट्यावर बसले होते. पंचेचाळीसच्या आसपासचे, केस पांढरे व्हायला लागलेले. मी येणार हे त्यांना माहीत होतं, तरी ते गडबडले.

"बसा ताई. पानी घ्या. लई लांबून आल्या तुमी."

मी पाणी प्याले आणि म्हणाले, "दादा, माझं चुकलं. नेट गेलं होतं हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना मी हसायला नको होतं."

त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमी बोलल्या त्यात खोटं काय व्हतं? गाडी थांबलीच व्हती." स्वतःशीच किंचित हसले. "डेपोतल्यांचं काय, ते आज या कारनानं हसतील, उद्या त्या कारनानं. मला त्याचं न्हाई. पोरीच्या कॉलेजात गेलं ते. तिथं पोरं तिला घंटी वाजवाया लागली, मंग म्या गेम काढला."

मुलगी आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिनं हे वडिलांना सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगाया कशाला पाहिजे? तू संगमनेरला जाती त्याच गाडीत पोरं बसत्यात."

चहा झाला. मी विचारलं, या वयात गेमकडे कसे वळलात. ते मुलीकडे बघून म्हणाले, "ही हॉस्टेलला गेली. फोन करायची, 'पप्पा जेवले का' म्हनायची. म्या म्हनायचो, 'जेवलो.' झालं, बोलनं संपलं. मंग हिनंच मोबाईलमधी टाकून दिला गेम. त्याच्यात मात्र ही घंटाभर बोलती. 'पप्पा डावीकडं बघा, पप्पा पळा, पप्पा तुमाला दिसत न्हाई का.' म्या तेवढ्यासाठी खेळायचो. जिंकनं-हारनं कुनाला पडलंय."

मुलगी कप उचलायच्या निमित्तानं आत गेली.

मी उठणार होते, पण पाऊस लागला. वेळ काढायला म्हणून मी मोबाईलवर मागच्या रविवारचा सामना लावला. त्यांनी तो बघितला नव्हता. बघता बघता ते पुटपुटले, "हा आता पुढच्या घरात शिरनार."

तो शिरला.

"ह्याच्या मागं अजून एक हाय. हा सारखा मागं बघतोय ना. एकटा मानूस असं मागं बघत न्हाई."

मागून खरंच एक जण आला. मी व्हिडिओ थांबवला. "हे तुम्हाला कसं कळलं?"

"आवो, एकोनीस वर्सं गाडीत उभा हाय म्या," ते म्हणाले. "कोन कुठं उतरनार, कोनाबरोबर कोन हाय, कोन बिनतिकिटाचा हाय, ते मान बघून कळतं."

हा सामना मी स्वतः सांगितला होता. तरी तो माणूस मागे का बघतोय, हे मला सुचलं नव्हतं. मी तिथंच त्यांना म्हणाले, "दादा, तुम्ही माझ्याबरोबर कॉमेंट्रीला बसाल का?"

"मला कुठं येतं बोलाया."

"आत्ता बोललात तेवढंच बोलायचं."

ते नाहीच म्हणाले. पावसाची सर ओसरल्यावर मला स्टँडपर्यंत सोडायला आले, आणि आईसाठी म्हणून पेढ्यांचा पुडा हातात दिला. मी गाडीत बसले तरी नाहीच म्हणत होते.

होकार यायला तीन आठवडे लागले. तो मुलीनं मिळवला. राजूरला नेटचा भरवसा नाही, म्हणून ज्या रविवारी ड्युटी नसेल त्या रविवारी ते अकोल्याला आपल्या भावाच्या घरी येऊन बसायचे. तिथून ते, पाथर्डीहून मी. दुकानदारांना ही कल्पना फारशी पटली नव्हती. "आधीच माणसं कमी झालीत ताई, त्यात हे काका हळू बोलतात," ते म्हणाले. खरंच, चिमटे बंद केल्यापासून बघणारे घटले होते. पहिल्या दिवशी कंडक्टरदादा तासाभरात चार वाक्यं बोलले. चॅटमध्ये कुणीतरी विचारलं, "दुसरा माणूस झोपलाय का?"

पण त्यांचं चौथं वाक्य असं होतं: "पिवळ्या घरातला बाहेर येनार न्हाई, त्याला लागलेलं हाय, त्याला पट्टी बांधू द्या, मंग बघा." आणि त्या पिवळ्या घरातून जो बाहेर आला त्यानं एकट्यानं पूर्ण टीम झोपवली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लोक विचारत होते, काका पुढच्या रविवारी आहेत का.

मग आमचं जमत गेलं. मी काय चाललंय ते सांगायचे, ते पुढे काय होईल ते सांगायचे. कधी त्यांचं चुकायचं, तेव्हा म्हणायचे, "चुकलं माझं, मानूस भलताच निघाला." एखादा खेळाडू चुकला की आधी मी टोमणा शोधायचे. आता त्यांना विचारायचे, "दादा, असं का केलं असेल यानं?" आणि ते कारण शोधायचे. बऱ्याचदा सापडायचं. खेळाडू नंतर ग्रुपवर लिहायचे, "काका, बरोबर ओळखलंत, माझ्याकडं गोळ्याच नव्हत्या." ऐकणारे हळूहळू परत आले. कारखान्यावरून एकानं निरोप पाठवला, की आमच्या टोळीत तुमचं लावून उसाच्या मोळ्या बांधतो, दोघांचा आवाज जरा मोठा ठेवा.

गेल्या हिवाळ्यात दुकानदारांनी राहात्याला मंगल कार्यालयात मोठा सामना भरवला. सगळ्या टीम पहिल्यांदाच समोरासमोर. आई माझ्याबरोबर आली. आता ती तोडीला जात नाही, गुडघे गेलेत. दादा एसटीच्या खाकीतच आले, सकाळची ड्युटी करून. आम्ही एका व्यासपीठावर, एका टेबलाशी बसलो. शेजारी बसून बोलायची दोघांनाही सवय नव्हती. पहिल्या सामन्यात आम्ही एकदमच बोलत होतो आणि एकदमच गप्प होत होतो. समोर खुर्च्यांत माणसं हसली, आम्हीही हसलो, आणि मग सुरळीत झालं.

राजूरची टीम शेवटच्या पाचांत आली. दादांच्या जागी मुलीनं चुलतभाऊ घेतला होता. ती खाली टेबलावर खेळत होती, वडील वर माईकवर. तिच्या टीमला दोन्ही बाजूंनी घेरलं होतं. मी सांगत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दादांकडे बघत होते. त्यांनी माईक जवळ घेतला. "राजूरकर उजवीकडून निघतील," ते म्हणाले, "पन तिथं रस्ता न्हाई. मला वाटतं जायचे आता." आवाज जरासुद्धा हलला नाही. टीम उजवीकडून निघाली आणि गेली. चौथा नंबर. मुलीनं कानावरचे हेडफोन काढले आणि वर बघितलं.

सामने संपल्यावर कार्यालयवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. तरणी पोरं दादांभोवती गोळा झाली होती, प्रत्येकाला आपण कुठं चुकलो ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते प्रत्येकाला नीट सांगत होते. आई एका कडेला बसली होती. मी तिला विचारलं, "कळलं का काही?"

"सगळं कळलं," ती म्हणाली. "त्यांचं जास्त कळलं. तू घाई करती."

मी म्हणाले, "व्हय."

मग आम्ही चौघं स्टँडकडे चालत निघालो. बापलेक पुढे होते. मुलगी भांडत होती. "पप्पा, तुम्ही माईकवर उजवीकडं रस्ता नाही म्हणालात म्हणे, पण डावीकडं तरी कुठं होता? तुम्ही असता तर काय केलं असतं?" ते म्हणाले, "म्या तिथंच बसलो असतो." ती म्हणाली, "बसून काय होतं?" ते समजावू लागले, हातानं हवेत घरं आणि टेकड्या काढत. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा दंड धरला, पण बोलणं दोघांचंही थांबलं नाही. तिकडे संगमनेरची गाडी लागली, त्यातही चढता चढता ती काहीतरी विचारतच होती.

आमची नगर गाडी उशिरा आली. आईला खिडकीची जागा मिळाली. मी पिशवी मांडीवर घेऊन मोबाईल काढला, तर ग्रुपवर शेवगावच्या एका मुलीचा निरोप होता: ताई, मला पण कॉमेंट्री शिकायची आहे, कुठून सुरू करू? मी बराच वेळ विचार करून तिला लिहिलं, रविवारी दुपारी दुकानात ये. येताना घरातल्या कुणाला तरी घेऊन ये, ज्याला गेममधलं काहीच कळत नाही असं.